आयतं खाणारी माणसं

नसत्या चौकश्या करायची मला खोड आहे. मस्कतमधल्या वादी कबीरच्या गॅरेजांच्या रांगेत मी गेली बावीस वर्षं गाड्यांचे एसी दुरुस्त करतो, आणि गॅस भरता भरता गिऱ्हाइकाला गाव, घर, पोरंबाळं, सगळं विचारून घेतो. लोक सांगतातही. ओमानच्या उन्हात बंद पडलेल्या एसीची गाडी घेऊन आलेला माणूस दोन थंड झोत अंगावर येईपर्यंत काहीही सांगायला तयार असतो. बायको म्हणते, तुम्हाला पोलिसांत घ्यायला हवं होतं.

त्या वर्षी एका लांबच्या मोठ्या देशात राष्ट्राध्यक्षाची निवडणूक होती. देशाचं नाव सांगत नाही आणि उमेदवाराचंही नाही, कारण गॅरेजमध्ये त्यावरून एकदा पाना उगारण्यापर्यंत मजल गेली होती. पण एका उमेदवाराचे तुकडे आम्ही सगळेच मोबाईलवर बघायचो. खाली हिंदीत अक्षरं यायची. माणूस हसरा, केस नीट बसवलेले, बोलणं मुद्देसूद. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की देशात दोन जातीची माणसं असतात. एक सकाळी उठून कामाला जाणारी, आणि दुसरी सरकारच्या पैशाची वाट बघत घरात बसणारी. पहिल्यांनी किती दिवस दुसऱ्यांना पोसायचं?

चहाच्या वेळी आम्ही सगळे माना हलवायचो. बरोबर बोलतो माणूस. मीही हलवायचो, सगळ्यांपेक्षा जोरात.

मग माझ्या खोडीने डोकं वर काढलं. आमचं आणि त्या देशाचं देणंघेणं काय? आम्ही इथे परके. इथलं सरकार आम्हाला काही देत नाही आणि आम्ही मागतही नाही. नोकरी गेली की खलास, विमानाचं तिकीट. तरी त्या माणसाच्या बोलण्याने आमच्या छात्या का फुगतात? मी एकेकाला विचारत सुटलो. डेंटिंगवाल्याच्या घरी रेशनचं धान्य येतं. पेंटरच्या भावाला घरकुल मिळालंय. वेल्डिंगवाल्याच्या बायकोच्या खात्यात दर महिन्याला बायकांच्या योजनेचे पैसे पडतात. प्रत्येकाने हे सांगितल्यावर पुढे एकच वाक्य जोडलं, "आमचं वेगळं आहे." मला मौज वाटली. आयतं खाणारे नेहमी कुणीतरी दुसरेच असतात, असा शोध मला लागला आणि मी स्वतःवर खूश झालो. माझ्या घरात तसं कोण आहे, हा प्रश्न मात्र मी स्वतःला विचारला नाही.

तसं कोणीतरी होतं. माझी आक्का.

आक्का म्हणजे मोठी बहीण, माझ्याहून सोळा वर्षांनी मोठी. गुहागरच्या बाजूला आमचं गाव. लग्न होऊन गेली आणि दोन वर्षांत परत आली. नवऱ्याने दुसरी आणली, एवढंच तिने सांगितलं आणि पुन्हा कधी तो विषय काढला नाही. माझ्यासारख्यानेसुद्धा तिला त्यावर एक प्रश्न विचारलेला नाही. आई गेली तेव्हा मी चौथीत होतो. मग आक्काच आई झाली. ती काजूच्या कारखान्यात बिया फोडायला जायची. त्या बियांच्या तेलाने बोटं काळी पडतात, कातडी सोलते. माझ्या प्रगतिपुस्तकावर सही करायला शाळेत यायची तेव्हा गुरुजींना बोटं दिसू नयेत म्हणून हात पदराखाली धरायची. सही करताना तो बाहेर काढावाच लागायचा.

आता तिचे डोळे अधू झालेत. कारखाना सुटला. नवऱ्याने टाकलेली, मूल नाही, जमीन नाही, म्हणून गावातल्या कुणीतरी तिचा अर्ज भरला आणि तिला निराधार बायकांना मिळतात ते सरकारी पैसे सुरू झाले. मी दर महिन्याला घरखर्चाला पाठवतो ते वेगळे. मला तो निराधार शब्दच खटकायचा. मी असताना ही निराधार कशी? पण विषय काढला की ती म्हणायची, "असू दे रे. मिळतंय तर घेते." आणि मी तोंड वाकडं करून गप्प बसायचो.

दर वर्षी जूनच्या सुरुवातीला आक्काचं खोकं यायचं. आमच्या गावच्या मोहल्ल्यातले एक चाचा इथे ओमानात, सहम गावी, किराणा दुकान चालवतात. मे महिन्यात ते गावाला जातात आणि परतताना आक्काचं खोकं आपल्या सामानात घालून आणतात. सुतळीने आवळून बांधलेलं, चारी बाजूंनी माझं नाव घातलेलं. आत आंब्याचं साठ, फणसाचं साठ, आमसुलं, कुळथाचं पीठ, पोह्याचे पापड आणि जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळलेली लोणच्याची बरणी. ते उघडलं की आमचा सगळा फ्लॅट आंबूस-गोड वासाने भरून जायचा, आणि माझी मुलगी, जिला एरवी पिझ्झ्याशिवाय काही दिसत नाही, ती आंब्याच्या साठाची पोळी टराटरा फाडत सोफ्यावर जाऊन बसायची.

मुलगी तेव्हा नववीत होती. त्या निवडणुकीचा मुहूर्त साधून तिच्या शाळेने वर्गात खोटी निवडणूक ठेवली. बाईंनी चिठ्ठ्या टाकल्या आणि आमच्या कन्येच्या वाट्याला नेमका तो हसरा उमेदवार आला. पहिले दोन दिवस ती रुसली. तिसऱ्या दिवशी त्याच्यासारखे हात हलवायला लागली. फ्रिजसमोर उभी राहून इंग्रजीत भाषण म्हणायची; मी जेवता जेवता ऐकायचो. छान करायची. मला तिचा अभिमान वाटला, आणि खोटं कशाला बोलू, भाषणातलं म्हणणंही पटलं.

शुक्रवारी सकाळी आक्काला व्हिडिओ कॉल, हा आमच्या घरचा नेम. टेबलावर लोणच्याच्या बरणीला फोन टेकवून ठेवायचा. तिकडे आक्का फोन इतका जवळ धरते की आम्हाला तिचं अर्धं कपाळ आणि एक डोळा दिसतो. आणि आखातातल्या प्रत्येक घरात जे होतं ते आमच्याकडेही होतं: गावाकडचं माणूस समोर आलं की पोरांना काहीतरी करून दाखवावं लागतं. नाच, कविता, नवा ड्रेस, काहीही. आमच्या मुलीचं मराठी तीन वाक्यांत संपतं, त्यामुळे हे करून दाखवणं सगळ्यांच्याच सोयीचं असतं.

त्या शुक्रवारी मी म्हटलं, "आत्याला भाषण करून दाखव."

"बाबा, आत्याला इंग्लिश समजणार नाही."

"मी सांगतो ना. तू बोल."

ती उभी राहिली. एक वाक्य ती म्हणायची, थांबायची, मग मी मराठीत सांगायचो. सभेला आलेल्या मोठ्या पुढाऱ्याचं भाषण उलगडून सांगतात ना, तसं. मला रंग चढला. ती म्हणाली की काही लोक सरकारवर अवलंबून राहतात. मी सांगितलं, "आक्का, ती म्हणते, काही माणसं नुसती बसून खातात." ती म्हणाली की अशी मदत कायमची असू नये. मी सांगितलं, "ह्या आयतं खाणाऱ्यांना लाज वाटली पाहिजे, म्हणते. कमावणाऱ्यांच्या जिवावर जगतात." बायकोने स्वयंपाकघरातून एकदा माझ्याकडे पाहिलं. मी थांबलो नाही.

भाषण संपलं. फोनमध्ये आक्काचा एक डोळा जरा वेळ हललाच नाही. मग ती म्हणाली, "छान बोलते हो पोर. धीट हाय." आणि भाकरी करपेल म्हणून फोन ठेवला.

शाळेत आमची मुलगी दुसरी आली. शाळेत पोहण्याचा तलाव बांधून देतो म्हणणारा मुलगा जिंकला. निवडणुकांबद्दल यापेक्षा जास्त शिकवण्यासारखं काही नसावं.

एप्रिलमध्ये मला अर्बाबने, म्हणजे आमच्या गॅरेजच्या ओमानी मालकाने, रुस्ताक गावी पाठवलं. तिथे त्याच्या आईची जुनी गाडी होती. म्हातारी ती चालवत नाही, भाचा तिला त्यातून फिरवतो, आणि तिला एसी बर्फासारखा लागतो. मी काम केलं. तिने मला बाहेरच्या ओसरीवर बसवून कहवा दिला. तो छोटा पेला हलवून दाखवेपर्यंत भरत राहतात, हे बावीस वर्षांत शिकलोय. पण तिच्यासमोर पेला हलवायचा मला धीर होईना. म्हातारीला थोडं हिंदी येतं. गप्पांत कळलं की इथे साठी ओलांडलेल्या सगळ्यांना सरकारकडून दर महिन्याला पैसे मिळतात, तसे तिलाही मिळतात. माझी खोड उसळली. मुलाचं एवढं मोठं गॅरेज, दोन घरं, आणि ही सरकारचे पैसे घेते? तो हसरा उमेदवार माझ्या डोक्यात येऊन बसलेलाच होता. मी विचारलं, "अम्मा, अर्बाब तो सब देता है. फिर ये क्यों?"

ती माझ्याकडे बघत राहिली. तिला प्रश्न कळला नसावा असं मला वाटलं. मग ती आत गेली आणि खजुराची एक टोपली घेऊन आली. "बच्चों के लिए," म्हणाली. मी मानेने आभार मानले, तर टोपलीवर बोट ठेवून हसून म्हणाली, "ये मेरा है. अर्बाब का नहीं."

मला वाटलं, म्हातारीला मिजास आहे. परतीच्या रस्त्यावर खजूर खात खात आलो आणि तिला विसरून गेलो.

जूनच्या पहिल्या आठवड्यात सहमचे चाचा मस्कतला माल घ्यायला आले आणि नेहमीसारखे गॅरेजवर थांबले. हातात काही नव्हतं. मला वाटलं, खोकं गाडीत असेल. मी गाडीकडे निघालोसुद्धा.

"नाय रे," चाचा म्हणाले. "आक्कान काय दिलान नाय यंदा. मी दोनदा जाऊन आलो तिच्याकडे. बोलली, यंदा नाय जमलं."

"आजारी आहे?"

"ठणठणीत हाय." चाचांनी टोपी काढून डोकं खाजवलं. मला सांगावं की नाही, असा त्यांचा चेहरा झाला. "तिचे पैसे बंद झालेत, सरकारचे. दर वर्षी मार्चच्या आत तलाठ्याकडे हयातीचा दाखला द्यावा लागतो ना, बाई जिवंत हाय म्हणून. ती गेलीच नाय. शेजारच्या बायका बोलवायला आल्या, तरी गेली नाय."

खरं सांगायचं तर पहिल्यांदा मला बरंच वाटलं. आता आमच्या घरात सरकारचं कुणी खात नाही. छाती थोडी फुगलीही असेल. मग संध्याकाळी घरी आलो, मुलीने दार उघडलं आणि माझ्या रिकाम्या हातांकडे बघून विचारलं, "खोकं कुठाय?"

शुक्रवारी मी आक्काला विचारलं. आधी तिने पाऊस, शेजारणीची सून, मांजर, असं सगळं सांगून बघितलं. मी सोडलं नाही. शेवटी म्हणाली, "पोरगी बोलली ते पटलं मला. बसून खानं बरं नाय."

"अगं, ते शाळेतलं भाषण होतं. आणि सरकारचे गेले तर जाऊ देत. मी पाठवतो ना? हवे तर जास्त पाठवतो. त्यातून कर की खोकं."

आक्का हसली. तिचं हसणं मी चांगलं ओळखतो. गणितात नापास झालो तेव्हा ती असंच हसली होती.

"तुझ्या पैशाचे आंबे घ्यायचे, त्याचं साठ करायचं आणि तुलाच पाठवायचं. मग ते तूच तुला पाठवलंस. त्यात माझं काय रे?"

घरची आंब्याफणसाची झाडं वाटणीत चुलत्यांकडे गेली, आक्काकडे एक पेरूचं झाड आहे. खोक्यातली प्रत्येक वस्तू ती विकत आणायची. आंबे, पोहे, कुळीथ, मीठ, सुतळीसुद्धा. कशातून आणते, हे जगाला चौकश्या करत फिरणाऱ्या मला एकदाही विचारावंसं वाटलं नव्हतं. दर वर्षी जूनमध्ये टेबलाभोवती बसून सरकारचं आयतं खाणारी माणसं आम्ही तिघं होतो. मी, माझी बायको आणि पुढाऱ्यासारखे हात हलवणारी माझी पोरगी. आणि रुस्ताकची म्हातारी टोपलीवर बोट ठेवून काय सांगत होती, तेही मला तेव्हा कळलं. मला माझीच लाज वाटली.

मी मुलीला सगळं सांगितलं. ती उठली, दप्तरातून भाषणाचा कागद काढला आणि माझ्यासमोर ठेवला. "बाबा, पण मी लेझी म्हटलंच नव्हतं. बघा. शेम पण नाहीये यात."

मी कागद दोनदा वाचला. नव्हतं. बसून खाणारे, लाज, जिवावर जगणारे, हे सगळं माझं होतं. त्या उमेदवारानेसुद्धा एवढं थेट म्हटलं होतं की नाही, आता सांगता येणार नाही. मी त्याच्या तोंडून, मुलीच्या तोंडून, जे वर्षानुवर्षं माझ्या पोटात होतं ते माझ्या बहिणीला ऐकवलं होतं. जिने बोटांची सालं काढून मला शिकवलं, तिला.

पुढचे तीन शुक्रवार मी आक्काची समजूत घालत होतो. माफी मागितली. ती म्हणाली, "माफी कसली मागतोस, वेडा की काय." कायदा समजावला. हक्क समजावला. तू आयुष्यभर राबलीस, हे समजावलं. ती प्रत्येक वेळी "व्हय रे, खरं तुझं" म्हणायची आणि जागची हलायची नाही. फोन ठेवल्यावर मी चिडायचो. तिच्यावर नाही, तर माझ्याकडे शब्द असूनही ते आता कामाला येत नव्हते म्हणून.

चौथ्या शुक्रवारी मी फोन लावला. मुलगी बाजूला कॉर्नफ्लेक्स खात होती. तिने वाडगा ठेवला आणि फोन आपल्याकडे ओढला. मला वाटलं, ही आता सॉरी म्हणणार.

"आत्या, तू खोकं का नाही पाठवलं?"

तिकडचा डोळा मोठा झाला. "अगं, ते सरकारच्या पैशाचं असतं. फुकटचं."

"चालेल," मुलगी म्हणाली. "मला ते येलो वालं पाहिजे. साठ. आणि लोणचं संपलं. बघ." तिने फोनमागची बरणी उचलून रिकामा तळ दाखवला. फोन आडवा पडला. फोनच्या कोपऱ्यात आम्हाला आमच्याच घराचं छत दिसायला लागलं, आणि आक्काला बहुधा तेच दिसत असावं.

"आता कुठलं साठ? आंबा संपला," छतातून आक्काचा आवाज आला.

"मग दुसरं काहीतरी. पण पाठव हं. प्रॉमिस?"

आक्का हसायला लागली. गणितात नापास झाल्यावरचं हसणं नव्हतं ते. "हावरट गं बाई," ती म्हणाली. "अगदी बापासारखी." आणि फोन बंद झाला.

त्यानंतर कामाच्या दिवशी, भर दुपारी तिचा फोन आला. आक्का शुक्रवारशिवाय कधी फोन करत नाही. मी बॉनेटखालून डोकं काढलं, तेलकट बोटांनीच फोन कानाला लावला. मागे मोटारसायकलींचे आवाज, कुणीतरी कुणाला नंबर विचारत होतं.

"तलाठ्याकडं आले होते," आक्का मोठ्याने म्हणाली. "दाखला देऊन झाला. तो मेला विचारतो कसा, आजी, मार्चात का नाय आलात? म्हटलं, तेव्हा नव्हते. आता हाय."

मी गाडीला टेकून उभा राहिलो. गिऱ्हाईक माझ्याकडे बघत होतं.

"ऐकतोस ना रे? कुळथाचं पीठ आणि आमसुलं करून ठेवते. खोकं कुणाबरोबर देऊ, ते सांग."